कित्तूरचा शेतसनदी आणि नववीचा वर्ग: पात्राचा बदलता दृष्टिकोन कसा शिकवावा

ऐतिहासिक कथेतलं पात्र कसं बदलत गेलं ते लिहा, असा प्रश्न नववीच्या वर्गात दिला की बहुतेक वह्यांत एकाच साच्यातलं वाक्य येतं: ‘रुद्राप्पा आधी घाबरट होता, नंतर शूर झाला.’ वाक्य चूक नाही, पण हाती काही लागत नाही. कोणत्या प्रसंगानं बदलला, तो आतून बदलला की फक्त बोलणं बदललं, त्या वेळी त्याला काय ठाऊक होतं, आणि हे सगळं कोणत्या ओळीवरून म्हणायचं, यातलं काहीच त्यात नसतं. बेळगाव आणि खानापूरकडच्या मराठी माध्यमाच्या वर्गांत हे वाक्य उलगडायला आम्ही चाळीस मिनिटांचे सहा तास ठेवतो. त्या सहा तासांत काय करायचं, कुठं अडतं आणि का अडतं, ते इथं लिहीत आहोत.

आधी उताऱ्याबद्दल, कारण अर्धं काम तिथंच होतं किंवा बिघडतं. अख्खी कादंबरी या कामाला घेऊ नये. मुलं गोष्टीच्या मागं धावतात आणि पात्र मागं राहतं. सहाशे ते सातशे शब्दांचा उतारा पुरतो. अट एवढीच की त्यात एकच पात्र निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसलं पाहिजे, त्याचं बोलणं आणि मनातलं दोन्ही आलं पाहिजे, आणि काळ स्पष्ट कळला पाहिजे. तयार पुस्तकांत असा उतारा सहज सापडत नाही, म्हणून आम्ही स्वतःच लिहितो. विषय कित्तूरच्या देसाई संस्थानाचा आणि त्यानं 1824 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारशी दिलेल्या लढ्याचा घेतो. बेळगावहून धारवाडला जाताना महामार्गालगतच कित्तूर लागतं. किल्ला बऱ्याच मुलांनी सहलीत पाहिलेला असतो. पुढं कित्तूरसाठी कंपनीविरुद्ध उठलेल्या संगोळी रायण्णाची समाधी तर खानापूर तालुक्यातच, नंदगडला. शिवाय मुलांना कन्नड येतं, त्यामुळं कित्तूरची लढाई लढलेल्या राणी चन्नम्मा आणि रायण्णा ही नावं घरात, शाळेत, गल्लीत ऐकलेली असतात. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचे दिवस सगळ्यात सोयीचे. 23 ऑक्टोबरच्या सुमारास कित्तूर उत्सव असतो, विषय हवेत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हा पाठ लावूच नये. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात रोज निम्मा वर्ग गैरहजर, आणि या कामाची साखळी एका तासानं तुटली तरी पुढचा तास वाया जातो.

आमच्या उताऱ्यातली दोन माणसं काल्पनिक आहेत. रुद्राप्पा हा शेतसनदी, म्हणजे गावची राखण करायची, बोलावणं आलं की हत्यार घेऊन हजर व्हायचं आणि त्या बदल्यात इनामाचं रान कसायचं. दुसरे गोविंदपंत, गावचे कुलकर्णी. त्यांच्या भोवतीचा काळ मात्र खरा. सप्टेंबर 1824 मध्ये कित्तूरचे देसाई, म्हणजे तिथले सत्ताधीश, शिवलिंगरुद्र सर्ज वारले. त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारनं मानला नाही. 23 ऑक्टोबर 1824 ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या दारात मारला गेला. डिसेंबरात कंपनीच्या मोठ्या फौजेनं किल्ला घेतला. राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत राहिल्या आणि फेब्रुवारी 1829 मध्ये तिथंच वारल्या. त्यानंतर रायण्णाचा उठाव, आणि जानेवारी 1831 मध्ये नंदगडला त्याला फाशी. एवढे सहा टप्पे फळ्याच्या वरच्या कडेला आडव्या रेषेवर लिहायचे आणि सहाही तास पुसायचे नाहीत.

उतारा लिहिणाऱ्यानं एक काळजी घ्यायची. काळाशी न जुळणारी वस्तू आत शिरली तर मुलांना काळभान शिकवण्याचा हक्कच उरत नाही. रान मोजायला साखळी घेऊन आलेले लोक 1825 च्या प्रसंगात घालायचा मोह होतो, कारण चित्र उठावदार आहे. पण आपल्या मनात असते ती मोजणी 1835 नंतर, इंदापूरपासून पसरलेली. म्हणून आमच्या उताऱ्यात साखळी नाही. सनद तपासायला आलेला कारकून आहे.

छपाई साधीच. ए-फोर कागद, पाठपोट, अक्षर चौदाचं, आणि डाव्या समासात दर पाचव्या ओळीला क्रमांक. हे क्रमांक कंटाळा करून गाळू नका. ‘ओळ 23’ असं म्हणता आलं नाही तर चर्चा ‘त्यात असं आहे सर, कुठंतरी आहे’ इथं अडकते. दोघांत एक प्रत द्यायची. प्रत्येकाला वेगळी दिली तर मुलं बोलतच नाहीत.

पहिला तास फक्त ऐकण्याचा. शिक्षकानं मोठ्यानं वाचायचं, मुलांच्या हातात पेन्सिल नको, कागदही नको. वाचून झाल्यावर एकच प्रश्न: रुद्राप्पा तुम्हाला किती वेळा दिसला आणि कुठं कुठं? चार वेळा दिसतो: देसाई गेल्याच्या दिवशी गोठ्यात, ऑक्टोबरात किल्ल्याच्या दारात, पुढच्या वर्षी चावडीवर कारकुनासमोर, आणि पाच वर्षांनी रात्री स्वतःच्या दारात. या चार जागा फळ्यावरच्या काळरेषेखाली बसवल्या की पहिला तास संपला. ‘कसा होता’ हा प्रश्न या तासाला विचारायचा नाही. विचारला की विशेषणं सुरू होतात: शूर, भित्रा, स्वार्थी, निष्ठावंत. एकदा विशेषण चिकटलं की ते काढायला दोन तास जातात.

दुसरा तास या सगळ्या पाठाचा कणा आहे. त्यात एकच प्रश्न: त्या दिवशी, त्या जागी, रुद्राप्पाला काय ठाऊक होतं? वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘ठाऊक होतं’, उजवीकडे ‘ठाऊक नव्हतं’. चारही टप्प्यांसाठी हेच. पहिल्या टप्प्याचा उतारा असा आहे:

‘देसाई गेले. वाड्यावरचा नगारा थांबला. रुद्राप्पानं भाला भिंतीला टेकवला आणि बैलांपुढं वैरण टाकली. वाड्यात कोण बसतं याच्याशी त्याला काय करायचं होतं? रान तर कुठं जात नव्हतं. दत्तकाचा कागद धारवाडला पोचला होता आणि तिथं तो मान्य होणार नव्हता, हे अजून त्याच्या गावापर्यंत आलेलं नव्हतं.’

डाव्या बाजूला: देसाई वारले, रान आपल्याकडं आहे. उजव्या बाजूला: दत्तक नामंजूर होणार, लढाई होणार, सनद तपासली जाणार. मुलं इथं थांबतात आणि पहिल्यांदा काहीतरी लक्षात येतं. रुद्राप्पा बेफिकीर दिसतो तो स्वभावानं नव्हे. त्याला धोका दिसावा असं त्या दिवशी त्याच्यासमोर काही नाही. खानापूरकडचा एखादा मुलगा हे पुस्तकी मराठीपेक्षा नेमकं सांगतो: ‘तेला काय म्हायतच न्हाई सर, मग भ्या कशाला वाटंल?’ हे वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहावं. प्रमाण मराठीत करून लिहिलं की मुलाला ते आपलं वाटत नाही.

याच तासाला सगळ्यात मोठी गडबडही होते. मुलं इतिहासाच्या तासाला शिकलेलं इथं आणून ओततात. ‘डलहौसीच्या धोरणामुळं रुद्राप्पाला राग आला’ असं वाक्य हमखास येतं. डलहौसी गव्हर्नर जनरल झाला 1848 मध्ये, कित्तूरनंतर चोवीस वर्षांनी. दत्तक नाकारण्याची गोष्ट आधीही घडत होती, पण ते नाव आणि ते धोरण रुद्राप्पाच्या डोक्यात असूच शकत नाही. ‘स्वातंत्र्यलढ्यासाठी’ आणि ‘देशासाठी’ हे शब्दही असेच येतात. आणि आपल्या भागात आणखी एक प्रश्न येतो, कुणी उघड विचारतं, कुणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसून: कित्तूर आपलं की त्यांचं? उत्तर टाळू नये, सरळ द्यावं. 1824 मध्ये महाराष्ट्रही नव्हता आणि कर्नाटकही नव्हता. हा मुलूख तेव्हा धारवाडच्या कलेक्टरच्या अखत्यारीत येत होता. बेळगाव हा वेगळा जिल्हा 1836 चा, आणि हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला 1 नोव्हेंबर 1956 ला. रुद्राप्पा घरात कन्नड बोलत असेल, चावडीवर गोविंदपंतांचा मोडीतला कागद ऐकत असेल, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसेल. एवढं सांगून पुढं जायचं.

पण सांगून मुलांच्या मनातलं जात नाही, आणि ते दडपूही नये. ज्या घरांत दर 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन होतं, तिथल्या मुलाला ‘तू तटस्थ हो’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्यावर एक साधा उपाय आहे. वहीचं शेवटचं पान ‘माझं आजचं मत’ म्हणून राखून ठेवायचं. रुद्राप्पानं काय करायला हवं होतं, राणी बरोबर होती का, आपण कुणाच्या बाजूचे, हे सगळं तिथं लिहायचं. शिक्षक ते पान तपासत नाही, गुणही देत नाही. मताला स्वतःची जागा मिळाली की ते पात्राच्या तक्त्यात घुसत नाही. बंदी घातली तर तेच मत वेश बदलून उत्तरात येतं.

तिसऱ्या तासाला पेन्सिली. बोललेल्या शब्दांखाली सरळ रेघ, कृतीखाली दुहेरी रेघ, मनातल्या गोष्टीखाली नागमोडी रेघ. रंग लागत नाहीत. बोलणं आणि कृती लगेच सापडते. अडतं ते मनातल्यावर, कारण मराठी कथेत मनातलं वाक्य पुष्कळदा अवतरणचिन्हाशिवाय येतं आणि निवेदकाच्या वाक्यात मिसळून जातं. वरच्या उताऱ्यातलं ‘वाड्यात कोण बसतं याच्याशी त्याला काय करायचं होतं?’ हे कुणाचं? मुलं म्हणतात लेखकाचं. तिथं कसोटी अशी: वाक्याच्या आधी ‘त्याला वाटलं’ जोडा आणि ‘त्याला’च्या जागी ‘आपल्याला’ घाला. ‘त्याला वाटलं, वाड्यात कोण बसतं याच्याशी आपल्याला काय करायचंय?’ बसलं, म्हणजे हे रुद्राप्पाचं मन. आता ‘हे अजून त्याच्या गावापर्यंत आलेलं नव्हतं’ याला तीच कसोटी लावा. ‘त्याला वाटलं, हे अजून आपल्या गावापर्यंत आलेलं नाही.’ बसत नाही, कारण ते त्याला ठाऊक असतं तर तो तसा वागलाच नसता. म्हणजे हे निवेदकाचं. ही कसोटी दहा-बारा वाक्यांवर तोंडी करून घ्यावी. एकदा हाताला बसली की मुलं पुढं कुठल्याही कथेवर ती स्वतःहून लावतात. काही वाक्यं दोन्हीकडं बसतात. तिथं वाद घालत बसू नये, समासात प्रश्नचिन्ह करून सोडावं.

मराठीत दृष्टिकोनाचा आणखी एक पुरावा क्रियापदात मिळतो आणि तो मुलांना अगदी घरचा असतो. रुद्राप्पा पहिल्यांदा ‘देसाई गेले’ म्हणतो. दुसऱ्या टप्प्यात थॅकरेसाठी बाकी सगळे ‘साहेब आले’ म्हणत असताना तो मनात ‘साहेब आला’ म्हणतो. तिसऱ्या टप्प्यात चावडीवर तोंडानं ‘कारकूनसाहेब आले’, मनात ‘हा आला’. आदरार्थी बहुवचन कुठं टिकलं आणि कुठं गळलं एवढंच शोधायला सांगितलं तर कमकुवत समजलेल्या मुलांच्या हातीही पुरावा लागतो. गोविंदपंत मात्र शेवटपर्यंत सगळ्यांनाच ‘आले’ म्हणतात. म्हणून त्यांचं मन क्रियापदावरून कळत नाही, ते कृतीतून शोधावं लागतं.

चौथा तास आलेखाचा. तपकिरी कागद, पाच जणांना एक. आडव्या रेषेवर चार टप्पे, उभ्या रेषेवर उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत: वाड्याबद्दल वाटणारी बांधिलकी. प्रत्येक टप्प्यावर एक ठिपका, आणि ठिपक्याशेजारी ओळीचा क्रमांक. क्रमांक नसलेला ठिपका मोजायचा नाही. हा नियम कडक ठेवावा.

मुलं पहिल्यांदा शून्यापासून अधिक तीनपर्यंत एक सरळ चढती रेघ काढतात. शूर होत गेला, झालं. तिथं दुसरा टप्पा पुन्हा वाचायला लावायचा:

‘साहेब पडला, आणि दारातून आरोळी उठली. रुद्राप्पाही ओरडला. शेजारच्यानं त्याला मिठी मारली. त्यानंही मिठी मारली. आता ते येणार होते. आज होते त्याच्या दसपट येणार होते. त्यानं भाला घट्ट धरला, कारण हात थरथरत होता.’

ओरडणं आणि मिठी बाहेरची. ‘आता ते येणार होते’ आतलं. कसोटी लावून पाहा. मग एका ठिपक्यानं कसं भागेल? इथून दोन रेघा सुरू होतात: बाहेरची सलग, आतली तुटक. ऑक्टोबरात बाहेरची रेघ अधिक तीनला आणि आतली शून्याच्या आसपास, कारण भीती आहे, पण तो दारातून हललेला नाही. पुढच्या वर्षी चावडीवर कारकून सनद मागतो, इनामाच्या रानावर सारा लागणार असं सांगतो. रुद्राप्पा मान हलवतो, ‘बरं साहेब’ म्हणतो. बाहेरची रेघ उणे दोनला कोसळते आणि आतली पहिल्यांदा वर चढायला लागते. वर्गातला हा सगळ्यात चांगला क्षण असतो. माणूस सगळ्यात जास्त झुकलेला दिसतो त्याच क्षणी आतून उलट्या दिशेला निघालेला असतो, हे रेघांवर डोळ्यांनी दिसतं. पाच वर्षांनी, रायण्णाची माणसं रात्री दार ठोठावतात तेव्हा दोन्ही रेघा जवळ येतात. एक येतात की नाही यावर गटागटांत मतभेद होतात, कारण उताऱ्याच्या शेवटी रुद्राप्पा दार उघडतो पण भाला हातात घेत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय. शेवट बंद केला तर आलेखाचं टोकही सगळ्यांचं सारखं येतं आणि बोलायला काही उरत नाही.

रेघ जिथं वळते तिथं कारण लिहायचं. कारणांचे चार प्रकार फळ्यावर द्यावेत: नवी माहिती कळली, स्वतःचं नुकसान किंवा फायदा झाला, जवळच्या माणसाचं काही झालं, किंवा नुसता काळ गेला. मुलं चौथ्याकडं पटकन पळतात, ‘हळूहळू बदलला’. हळूहळू म्हणायचं असेल तर दोन टप्प्यांमधली निदान दोन चिन्हं दाखवा, असं सांगितलं की ते परत पहिल्या तिघांकडं येतात. सनदेच्या प्रसंगाचं कारण बहुतेक गट ‘नुकसान’ असं लिहितात. ते बरोबरच, पण पुढं एक प्रश्न टाकावा: नुकसान झालं म्हणून वाड्याबद्दल आपुलकी वाढली, की वाडा होता तेव्हा रान सुरक्षित होतं हे आज कळलं? म्हणजे नुकसानाबरोबर नवी समजही आली. एका वळणाला दोन कारणं असू शकतात हे इथं लिहून ठेवतात.

आता त्या एका अडचणीबद्दल सविस्तर लिहायला हवं, जी आपल्याकडं इतर ठिकाणांपेक्षा जास्त जाणवते. आपली मुलं शिवचरित्र, पोवाडे, किल्ल्यांच्या गोष्टी यांवर वाढतात, आणि त्या गोष्टींत माणसं दोनच जातींची असतात: निष्ठावंत आणि फितूर. मत बदललेला माणूस आपोआप दुसऱ्या खणात पडतो. म्हणून गोविंदपंत येतात तेव्हा वर्ग एका सुरात ‘फितूर’ म्हणतो. डिसेंबर 1824 नंतर ते नव्या सरकारचं दप्तर लिहायला लागतात, आणि रुद्राप्पाच्या सनदेची चौकशी त्यांच्याच हातून नोंदवली जाते. पाचव्या तासाला त्यांच्यासाठीही ‘ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं’ हा तक्ता करायचा. दप्तर त्यांनी लिहिलं नाही तर दुसरा कुणी लिहील, हे ठाऊक. जुन्या सनदांचे कागद त्यांच्याच पेटीत आहेत, हे ठाऊक. त्यांतले किती टिकतील, हे ठाऊक नाही. मग उताऱ्यातली ओळ 41: गोविंदपंत रुद्राप्पाचा कागद वाचून दाखवताना वर बघत नाहीत, आणि कारकून बाहेर गेल्यावर तो कागद परत पेटीत न ठेवता दौतीखाली सरकवतात. एवढंच लिहिलंय, कारण दिलेलं नाही. इथं फळ्यावर पाच शब्द लिहावेत: गरज, भीती, कर्तव्य, लोभ, समज. प्रत्येक गटानं दोन निवडायचे आणि ओळ दाखवायची. ‘फितूर’ हा शब्द पुसायचा नाही. तो निवाडा आहे, आणि निवाड्याचं पान वहीच्या शेवटी आहेच. पाच शब्दांपैकी लोभ कुणी निवडला तर ‘ओळ दाखव’ म्हणावं. ओळ सापडत नाही, आणि मुलगा स्वतःच तो शब्द खोडतो. कधी कुणाला सापडते, तीही ऐकून घ्यावी.

याच तासाच्या उत्तरार्धात चावडीचा प्रसंग गोविंदपंतांच्या बाजूनं लिहायला द्यायचा, साधारण एकशे वीस शब्दांत. नियम दोनच: त्यांना ठाऊक नसलेली कोणतीही गोष्ट यायची नाही, आणि रुद्राप्पाच्या मनात काय चाललंय ते लिहायचं नाही, कारण ते त्यांना दिसत नाही, दिसते ती फक्त त्याची हललेली मान. दुसरा नियम मुलं सारखा मोडतात. ‘रुद्राप्पाला राग आला होता’ असं लिहितात. समासात ‘हे गोविंदपंतांना कसं कळलं?’ एवढंच लिहावं. मग मुलगी ते बदलून ‘रुद्राप्पानं मान हलवली, पण पागोट्याचं टोक बोटांत पिळत होता’ असं लिहिते, आणि लेखक बाहेरून आतलं कसं दाखवतो ते तिला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सहावा तास उत्तर लिहिण्याचा. दीडशे ते पावणेदोनशे शब्द. आम्ही साचा देत नाही, चार प्रश्न देतो: काय बदललं, कुठं दिसतं, कशामुळं, आणि हे आपल्याला कोण सांगतंय, पात्र की निवेदक? पहिल्या तासाच्या एका वाक्याच्या जागी आता असं काही येतं:

‘सप्टेंबर 1824 मध्ये रुद्राप्पाला वाड्याशी देणंघेणं वाटत नाही, कारण आपलं रान सुरक्षित आहे असं तो धरून चालतो (ओळ 4 ते 5). दत्तक नामंजूर होणार हे निवेदक आपल्याला सांगतो, पण रुद्राप्पाला ते माहीत नाही. ऑक्टोबरात तो सगळ्यांसारखा ओरडतो, पण आतून घाबरलेला आहे (ओळ 23 ते 25). खरा बदल चावडीवर होतो. तिथं तो “बरं साहेब” म्हणतो, पण मनात कारकुनाला “हा” म्हणतो. वाडा आणि रान यांचा संबंध त्याला तेव्हा कळतो. म्हणून तो सगळ्यात जास्त बदलतो तो लढाईत नव्हे, लढाईनंतर.’

गुण दहा. पुराव्याला चार, कारणाला तीन, ‘तेव्हा काय ठाऊक होतं’ याला दोन, भाषेला एक. भाषेला एकच, याला काही जणांचा आक्षेप असतो. पण बोली मराठीत विचार करणारं मूल शुद्धलेखनाच्या धाकानं नेमकं वाक्य खोडतं आणि पाठ्यपुस्तकातलं गुळगुळीत वाक्य लिहितं, हे टाळायचं असेल तर या पाठापुरता तो आकडा एकच असू द्यावा. ‘तो गेला नाही खरं मनानं तिकडंच होता’ असं बेळगावी वाक्य आलं तर ते पूर्ण गुणांचं आहे.

एक काम सहा तासांच्या बाहेरचं, पण सोडू नये. घरच्या कामात तीन रकान्यांची यादी: नोंदीत असलेलं, लोकांच्या तोंडी असलेलं, लेखकानं रचलेलं. थॅकरेचा मृत्यू, त्याचे मदतनीस स्टीव्हनसन आणि इलियट यांना कित्तूरकरांनी कैद केलं, रायण्णाची फाशी, हे पहिल्या रकान्यात. रायण्णाच्या समाधीवरच्या वडाची गोष्ट आणि कन्नड गीगी पदांतला (पोवाड्यासारख्या गाण्यांतला) रायण्णा दुसऱ्यात. रुद्राप्पा, गोविंदपंत, आणि राणीच्या मनात कोणत्याही क्षणी काय चाललं होतं ते सगळं तिसऱ्यात. शेजारी गीगी पदं म्हणणारं कुणी असेल तर मुलांना ऐकून यायला सांगावं. कन्नड येत असल्याचा फायदा इथं मिळतो: एकाच माणसाकडं बघण्याची वेगळी नजर त्यांना भाषांतराशिवाय ऐकता येते.

कित्तूरचा उतारा पचला की मगच बेळवडीचा घ्यावा, आधी अजिबात नको. 1678 मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराजांच्या फौजेनं बेळवडीच्या गढीला वेढा घातला आणि तिथल्या देसाईणीनं ती लढवली. कन्नड परंपरेत ती मल्लम्मा, मराठी साधनांत तिचं नाव सावित्री असंही येतं, आणि वेढ्याचा शेवट सांगणाऱ्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. कित्तूरच्या वेळी समोर कंपनी सरकार असतं, बाजू घेणं सोपं असतं. इथं वेढा घालणारे आपले. उताऱ्यात एक मराठा बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, ठेवायचा, वेढ्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला, आणि तेवढाच. गढीच्या आतलं मन उताऱ्यात आणायचं नाही. ते मुलांनी पाचव्या तासाच्या नियमांनी लिहायचं. बारगिराला गढीच्या भिंतीवर जे दिसतं तेवढंच त्यांच्या हाती असतं. शेवटचं पान या वेळी दुप्पट भरतं, म्हणून वहीत दोन पानं राखून ठेवायला आधीच सांगावं, आणि आलेखासाठी एक तास वाढवून घ्यावा. आतली रेघ कुठं काढायची यावर गट लवकर एकमत होत नाहीत.